रिक्षावर अण्णा, फोनवर कोण?

सांगलीतल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मार्केट यार्डाजवळ त्यांच्या सासरच्यांचं हळद आणि मसाल्यांचं दुकान आहे, आता स्वतःच्या नावाची पाकिटंही निघतात. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. दसऱ्याच्या आधी गावभर फिरणाऱ्या रिक्षावर दरवर्षी अण्णांचाच आवाज वाजतो. यंदा तीन नवी कामं निघाली आहेत: मुंबई-पुण्याच्या वितरकांना दाखवायला दोन मिनिटांचा व्हिडिओ, दुकानाच्या फोनवर लागणारा स्वागताचा संदेश, आणि सोशल मीडियासाठी ३० सेकंदांची जाहिरात. ताईंनी एका व्यावसायिक व्हॉइस आर्टिस्टकडून दर मागवला, तो तिन्हींचा मिळून बारा हजार आला. यजमान म्हणाले, “बोलायचे बारा हजार? आपल्याला तोंड नाही का?” इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं एका संध्याकाळी एआयच्या आवाजात तिन्ही गोष्टी फुकट करून दाखवल्या, वर “हवं तर एखाद्या हिरोचा आवाज काढून देतो” म्हणाला. अण्णा काहीच बोलले नाहीत, पण तेव्हापासून जेवताना गप्प असतात. ताई विचारतात, “आमची सांगलीची बोली मुंबईकरांपुढे गावंढळ वाटेल, म्हणून मला शुद्ध बोलणारा आवाज हवाय. पण अण्णांचं मन मोडून, नवऱ्याशी वाद घालून हा खर्च करावा का? आणि करायचा तर घरच्यांना कसं पटवू?”

ताई,

तुम्ही सोबत पाठवलेल्या फाइली ऐकल्या. अण्णांची रिक्षावरची जाहिरात तर दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा निव्वळ आवडली म्हणून. “दसरा तोंडावर आलाय, घरातली हळद संपली असंल तर यार्डाकडं या. पूड बघा, वास घ्या, मग पैसे द्या.” मधेच कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजतो आणि अण्णा तसेच पुढं बोलत राहतात. ही जाहिरात बदलायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

त्याचं कारण फक्त जिव्हाळा नाही. रिक्षावरच्या भोंग्यातून खर्जातला आवाज नीट बाहेर पडतच नाही. मधल्या पट्टीतला, जरा टोकदार आवाजच चौकापलीकडं पोचतो, आणि अण्णांचा आवाज नेमका तसा आहे. एखादा भारदस्त रेडिओछाप आवाज तुम्ही त्या भोंग्यावर लावलात तर शब्द एकमेकांत मिसळून नुसता घुमारा ऐकू येईल. शिवाय ऐकणारे सगळे अण्णांना ओळखतात. भाजी निवडणारी बाई मान वर न करता म्हणते, “आले हळदवाले अण्णा.” ती ओळख बारा हजारांत काय, बारा लाखांतही विकत मिळत नाही. (रिक्षा फिरवण्याची परवानगी मात्र दरवर्षी रीतसर घेत जा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंदच ठेवावा लागतो.)

तर मग तुमचा प्रश्न कुठं अडतो? दुकानाचा आवाज एकच असला पाहिजे, तो एक तर अण्णांचा, नाही तर बाहेरच्या माणसाचा, असं तुम्ही धरून चालला आहात. घरातल्यांनीही तेच धरलंय, म्हणून अण्णा गप्प आहेत. मी याकडं वेगळ्या बाजूनं बघेन. ऐकणारा तुम्हाला ओळखतो का? ओळखत असेल तर घरचा आवाज लावा. त्याचे अडखळणेसुद्धा माणसं मायेनं ऐकून घेतात. ओळखत नसेल तर व्यावसायिक आवाज घ्या, कारण त्या माणसाला तुमच्याबद्दल माया नाही आणि वेळही नाही. तुमच्या तिन्ही नव्या कामांचा श्रोता अनोळखी आहे. वाशीतला वितरक दिवसाला अशा किती चित्रफिती बघत असेल. फोन करणारं नवं गिऱ्हाईक तर संदेश नीट कळला नाही की फोन ठेवून देतं.

यजमानांचा प्रश्न मला रास्त वाटतो. तोंड सगळ्यांनाच आहे, मग पैसे कशाचे? घरात रोज स्वयंपाक होतो, तरी लग्नाला आपण आचारी बोलावतो, त्यातलाच हा प्रकार. व्हॉइस आर्टिस्टला पैसे गोड गळ्याचे द्यायचे नसतात. गोड गळे गावात पुष्कळ आहेत. पैसे असतात ते मजकूर पहिल्याच ऐकण्यात कळेल असा वाचून देण्याचे. कागदावरची ओळ डोळ्यांनी मागं जाऊन पुन्हा वाचता येते. कानाला ती सोय नाही.

तुमच्या व्हिडिओतली एकच ओळ घ्या: “आमची हळद राजापुरी, दळण आमच्याच गिरणीत, आणि भेसळ म्हणाल तर शून्य.” यजमानांनी ही वाचली तेव्हा तिन्ही तुकडे एकाच वजनानं आले आणि शेवटी दम संपल्यामुळं “शून्य” जवळजवळ गिळला गेला. म्हणजे जे ठासून सांगायचं होतं तेच ऐकू आलं नाही. सराईत माणूस ओळ बघितल्यावर आधी श्वास कुठं घ्यायचा ते ठरवतो, “राजापुरी”वर हलकं वजन देतो, “म्हणाल तर”पाशी क्षणभर थांबतो आणि मग “शून्य” मोकळा सोडतो. ३० सेकंदांच्या जाहिरातीत मराठीचे साधारण साठ शब्द निवांत बसतात. तुमच्या मजकुरात मी मोजले तर ब्याण्णव आहेत. चांगला आर्टिस्ट ते पळत पळत म्हणून दाखवत नाही. तो आधी फोन करून विचारतो, “यातलं काय काढायचं?” हा एक फोनच पुष्कळदा निम्मे पैसे वसूल करून देतो.

दुसरी गोष्ट खोलीची. तुमच्या घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आहे, मागं कुकरची शिट्टी आहे आणि रिकाम्या भिंतींवरून परत येणारा आवाज आहे. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या व्हिडिओवर असा आवाज बसला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण माल किरकोळ वाटतो. व्यावसायिक माणसाकडं आवाज शोषणारी खोली असते, “फ” आणि “भ” म्हणताना बसणारा हवेचा धक्का अडवायची जाळी असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा महिन्यांनी तुम्ही मिरची पूड बाजारात आणलीत आणि एकच नवी ओळ जोडायची ठरवलीत, तर तो त्याच अंतरावरून, त्याच पट्टीत ती ओळ देतो. जोड कळत नाही. घरी हे करून बघा, सर्दी झालेला दिवस आणि न झालेला दिवस लगेच वेगळे ऐकू येतील.

फोनचं तर आणखीच निराळं. साध्या फोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. “स”, “श”, “फ” यांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. म्हणून फोनवर “साठ” आणि “आठ” यांत गफलत होते. हे माहीत असलेला माणूस फोनसाठी वाचताना व्यंजनं जरा जास्त स्पष्ट करतो, वेग कमी ठेवतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते फोनच्या संदेशाला द्या, असं मी म्हणेन. व्हिडिओ वितरक एकदा बघतील. फोन मात्र रोज वाजणार आहे आणि तो संदेश वर्षानुवर्षं बदलावा लागत नाही.

आता पुतण्याचं काम. त्याला नावं ठेवू नका, पोरानं मेहनत घेतली आहे. पण त्यानं निवडलेला आवाज मूळ हिंदीचा असावा. “हळद”ची “हलद” झाली आहे. “चव”मधला “च” “चिवडा”तल्यासारखा आला आहे. हळदीच्याच दुकानाच्या जाहिरातीत “हलद” म्हटलं गेलं तर सांगलीतलं शेंबडं पोरसुद्धा हसेल. मराठीसाठी नीट घडवलेले एआयचे आवाज आता मिळतात आणि त्यांत अशा चुका कमी होतात, हेही खरं. रोजचा दर सांगणारा संदेश, आज सौदे बंद आहेत अशी सूचना, कामगारांसाठी यंत्राची माहिती, अशा सतत बदलणाऱ्या कामांना मी बिनधास्त एआय वापरायला सांगेन. व्यावसायिक माणसाला मजकूर देण्याआधी तो किती सेकंदांचा होतोय हे बघायलाही ते उत्तम. फक्त त्या सेवेच्या अटींत धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे का, ते पुतण्याला वाचायला लावा. फुकटच्या योजनेत ती बऱ्याचदा नसते.

हिरोच्या आवाजाचं मात्र नावही काढू नका. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं विनापरवाना नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. त्याआधी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांच्या नावाला, चेहऱ्याला आणि आवाजाला असंच संरक्षण दिलं होतं. मागं सिनेमातलं गाणं लावायचा मोहही आवरा, त्यालाही परवानगी लागते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे ते मला सगळ्यात जास्त खटकलं. सांगलीची बोली मुंबईकरांपुढे गावंढळ वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. हे कुणी सांगितलं तुम्हाला? हळदीचं म्हणाल तर सांगली हाच पत्ता आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. वाशीचा वितरक तुमच्याकडं येणार तो हळद सांगलीची आहे म्हणून, मग आवाजातून सांगली पुसून टाकायचा आटापिटा कशाला? व्यावसायिक आवाज म्हणजे पुण्याच्या पेठेतला आवाज, हा समज सोडा. कसबी माणसाला तुम्ही सांगायचं असतं: “भाषा सगळ्यांना कळेल अशी ठेवा, पण ठसका आमच्याकडचा येऊ द्या.” तो तसं देतो. देता येत नसेल तर तो माणूस तुमच्या कामाचा नाही, मग त्याच्याकडं कितीही नामांकित कंपन्यांच्या जाहिराती असोत.

आणि असा माणूस शोधायला लांब जायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी “सीता स्वयंवर” हे नाटक केलं ते सांगलीतच, आणि भावे नाट्यमंदिरात आजही हौशी मंडळी स्पर्धेसाठी घाम गाळतात. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे. तिथं नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेली माणसं सांगली, मिरज, कोल्हापुरात विखुरलेली आहेत. नटांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असलेला नट माइकसमोर फार मोठा होतो. माइक म्हणजे एका माणसाचा कान, हे ज्याला उमगलंय तोच घ्या. कसा ओळखायचा? तुमच्याच मजकुरातल्या दोन ओळी नमुना म्हणून वाचून मागा. दोनच. अख्खा मजकूर नमुन्याच्या नावाखाली वाचून घेणं म्हणजे फुकटात काम काढून घेणं, ते करू नका. जुन्या कामांचे नमुने ऐकताना त्यांतलं संगीत मनातल्या मनात वजा करून ऐका.

जत तालुक्यातली बरीच गावं कन्नड बोलतात आणि अथणी-बेळगावकडचं गिऱ्हाईक तुमच्याकडं येत असणारच. फोनचा संदेश कन्नडमध्येही ठेवा. तो कन्नड घरातल्या माणसाकडूनच वाचून घ्या, “मला थोडं थोडं येतं” म्हणणाऱ्या मराठी माणसाकडून नको. “हलद” ऐकून आपल्याला जसं वाटतं, तसं त्यांना वाटेल.

मजकुराचं आता थोडक्यात, कारण आर्टिस्ट कितीही चांगला असला तरी वाईट मजकूर तो चांगला करू शकत नाही. फोन नंबर एकेक आकडा सुटा वाचून घ्या. “एकोणसत्तर” आणि “एकोणऐंशी” ऐकून अर्धी तरुण मंडळी गडबडतात. “मधुमेह आणि कर्करोगावर रामबाण” ही पुतण्यानं घातलेली ओळ आजच्या आज काढा. असल्या दाव्यांना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बंदी आहे आणि ते वाचणारा आर्टिस्टही अडचणीत येऊ शकतो. मानांकनाचा उल्लेख तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तरच करा. “उच्च दर्जा, उत्तम गुणवत्ता, ग्राहकांचा विश्वास” ही तीन विशेषणं प्रत्येक मसालेवाला वापरतो, त्यामुळं ती कुणालाच ऐकू येत नाहीत.

त्याऐवजी काय? इथं अण्णा येतात. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची. आत हवा खेळत नसल्यामुळं तिथं हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी गेली. अण्णांच्या वयाच्या व्यापाऱ्यानं ती बघितली असणार, उतरून माल काढलेला असणार. व्हिडिओत वीस सेकंद अण्णांना कॅमेऱ्यासमोर बसवा आणि पेवाबद्दल बोलू द्या. पाठ केलेलं नको, आपण विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. शर्टाला छोटा माइक लावा, पंखा बंद करा. बाकीचं निवेदन व्यावसायिक आवाजात. सराईत निवेदनाच्या मधे खरा, खरखरीत माणूस बोलला की बघणारा पुढं सरसावून बसतो. नुसते अण्णा दोन मिनिटं बोलले तर मुंबईकर कंटाळेल आणि नुसतं निवेदन असलं तर विसरेल.

घरच्यांना पटवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. मी वाद घालणार नाही, एक प्रयोग करेन. फोनच्या संदेशातल्या दोन ओळी तीन आवाजांत तयार ठेवा: यजमानांचा, एआयचा आणि व्यावसायिक माणसाचा नमुना. तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच-सहा जणांना, म्हणजे मैत्रिणीच्या ऑफिसातल्या, भावाच्या गावच्या माणसांना, एकेक फाइल फोनवरून एकदाच ऐकवा. “आवाज आवडला का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दुकान कुठं आहे आणि घाऊक मालासाठी कुठलं बटण दाबायचं, एवढं लिहून द्यायला सांगा. कागद यजमानांपुढं ठेवा. एआयचा कागद बरोबर निघाला तर त्या कामापुरता एआय वापरायला माझी हरकत नाही, तुमचीही नसावी.

अण्णांशी मात्र प्रयोग नको, बोला. गप्प बसलेला माणूस खर्चामुळं गप्प नसतो. त्यांना वाटतंय की सुनेला आपली लाज वाटते, आणि तुमचं ते “गावंढळ” त्यांच्या कानावर गेलं असेल तर त्यांचं फारसं चुकत नाही. त्यांना सरळ सांगा, रिक्षा तुमचीच आहे, पेवाची गोष्टही तुमचीच, आणि बाहेरचा माणूस जे वाचेल ते आधी तुम्ही ऐकून पास करायचं. रेकॉर्डिंगच्या वेळी आर्टिस्टला व्हिडिओ कॉल लावून अण्णांना शेजारी बसवा. “राजापुरी” कसं म्हणायचं, दळणाचं कसं सांगायचं, हे ते नक्की सुधारतील. चांगल्या आर्टिस्टला असं कुणी सांगणारं असलं की बरंच वाटतं.

काम ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवरचा निरोपही चालेल. आवाज कुठं आणि किती वर्षं वापरायचा. वाचण्यात चूक झाली तर दुरुस्ती फुकट, आणि मजकूर तुम्ही बदललात तर वेगळे पैसे. काही रक्कम आगाऊ, उरलेली फाइल मिळाल्यावर. आणि हा आवाज एआयला शिकवायला तुम्ही देणार नाही. शेवटची अट आर्टिस्ट स्वतःच घालेल, घातली तर वाईट वाटून घेऊ नका. फोनसाठी घेतलेला आवाज उद्या टीव्हीवर वापरायचा झाला तर पुन्हा विचारावं लागतं. कॉपीराइट कायदा कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क वेगळा मानतो. बारा हजार जास्त की कमी हे यावरच ठरतं, म्हणून वापराचा कालावधी न विचारता घासाघीस करू नका.

हे वाचणाऱ्या इतर दुकानदारांसाठी: तुमचं सगळं गिऱ्हाईक दोन गल्ल्यांतलंच असेल तर या खर्चात पडायचं कारण नाही. तुमच्या ओळखीच्या टापूबाहेर माल जायला लागला की मग बघा.

आणि ताई, पुतण्याला यातून वगळू नका. व्हिडिओची जोडणी आणि खाली मराठी अक्षरं टाकणं हे त्याचं काम. पुष्कळ लोक मोबाइलवर आवाज बंद ठेवूनच बघतात. फक्त त्याला एवढं सांगा की आर्टिस्टकडून फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे दर्जा न उतरवता साठवलेली, घ्यायची आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर वाटेतच तिचा दर्जा उतरतो.